बी चाउसिकूची नागीण

आमच्या पांगानी गावात लग्न ठरलं की काझीच्या आधी बी चाउसिकूला, म्हणजे चाउसिकूबाईला, गाठायचे. पासष्टीची बाई, साखरेची जुनी दुखणेकरी, पण पुलावाच्या हंड्यापुढे बसली की भलेभले आवाज खाली करायचे. तिच्या झाऱ्याला दुसरीनं हात लावला की म्हणायची, "माझ्या मयताच्या जेवणाला लाव."

मग रमजान संपता संपता तिच्या उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत नागीण उठली. आमच्याकडे तिला फौजी पट्टा म्हणतात. टपोरे फोड, आणि आग अशी की अंगावरचं कापड दोन बोटांनी लांब धरून बाई घरात फिरायची. पण पट्टा उठला म्हणजे एड्स झाला, हे पांगानीत लहान पोरंही सांगतील. म्हणून तिनं सांगितलं, तेल उडालं.

शेजारच्या बी मोझानं नाकातून सूर काढला, "तेल? पाठीवर? ही काय हंड्याकडे पाठ करून रांधते?"

संध्याकाळच्या नमाजापर्यंत सगळी गल्ली हेच वाक्य नाकातून म्हणत होती. मग तिच्या मेलेल्या नवऱ्याला उकरून काढलं. ट्रकवर होता ना तो, मोंबासापर्यंत जायचा, आणि रात्री कुठे झोपायचा देव जाणे.

ईदनंतर तिच्या बहिणीच्या नातीचं, रायाचं लग्न होतं. राया जन्मली तेव्हाच हिनं सांगून ठेवलेलं, हिच्या लग्नाचा हंडा माझा. हंडा हातचा जातोय हे दिसल्यावर बाई दवाखान्यात जाऊन रक्त तपासून आली. एड्स नव्हता. नर्स म्हणाली, वय झालंय, त्यात साखर, म्हणून नागिणीनं धरलं. हे तिनं दारोदार जाऊन स्वतः सांगितलं. बायकांनी अल्लाचे आभार मानले, गळाभेट मात्र लांबूनच घेतली. फोडांना धक्का नको म्हणे.

लग्नाच्या दिवशी बी मोझानं तिला सावलीत खुर्ची दिली. तू दमलीस, आज तू पाहुणी. हंड्यापुढे झुहुरा बसली होती, इतकी वर्षं हिच्या हाताखाली कांदे सोलणारी.

"जिरं आत्ता नको, मांस शिजू दे," बी चाउसिकू खुर्चीतून म्हणाली.

"हो, बी," म्हणत झुहुरानं जिरं टाकलं.

जेवायला बायका परातींभोवती बसल्या, एका परातीत पाचजणींचे हात. बी चाउसिकू कुशीवरचं कापड सांभाळत रायाच्या आईशेजारी टेकली, तसे परातीतले हात थांबले. बी मोझा लगबगीनं ताटली घेऊन आली. चांगले चांगले मांसाचे तुकडे, वर चमचासुद्धा.

"तुला साखर आहे ना गं, राणी. तू आपलं वेगळं, बेतानं खा."

साखर आहे हे पांगानीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान्य केलं.

बी चाउसिकूनं ताटली घेतली. झुहुरानं लांबून विचारलं, कसा झालाय. तिनं एक घास बराच वेळ चावला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

खरंच झाला होता. आम्ही सगळ्यांनी परत परत घेतला.