बोरखडीचा पांढरा कोळसा

राजरत्न लादे मला पहिल्यांदा भेटला तो डिसेंबर १९९२ मध्ये, एका साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी. मी तेव्हा उद्योग खात्यात सर्वेक्षणाचं काम करत होतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शेतीतून काय काय उरतं आणि त्याचं पुढं काय होतं, याची मोजदाद माझ्याकडे होती. उसाचा रस काढल्यावर राहणारा चोथा, म्हणजे बगॅस, किती ओला असतो हे मला हवं होतं. प्रयोगशाळेतला माणूस रजेवर. बॉयलरवरच्या फिटरनं पट्ट्यावरून मूठभर बगॅस उचलला, दाबला, सोडून दिला आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस टक्के. फार तर एकोणपन्नास."

आठवड्यानं प्रयोगशाळेचा कागद आला. अठ्ठेचाळीस पूर्णांक चार.

तेव्हा तो चौतीस वर्षांचा असेल. कुंडलपासून सहा-सात किलोमीटरवरच्या बोरखडीचा, बौद्ध वस्तीतला. कराडला आयटीआय करून कारखान्यात लागला होता, पण हंगामी. सहा महिने बॉयलर आणि सहा महिने गावात विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायच्या, असं अकरा वर्षं चाललं होतं. पुढच्या हंगामात कायम करतो, असा शब्द त्याला साहेबांनी दिला होता.

ती नोकरी त्यानं माझ्यामुळे सोडली. हे मी आधीच सांगून टाकतो.

माझी योजना कागदावर फार देखणी होती. गावच्या माळावर पाच एकरांत लहान लहान कारखान्यांची एक वसाहत करायची. एकानं बगॅस वाळवून, दाबून त्याच्या कांड्या करायच्या. लाकडाऐवजी भट्टीत जाळायला त्या चालतात, बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात. दुसऱ्यानं चोथ्याचे, प्लायवूडसारखे, बोर्ड करायचे. तिसऱ्यानं त्याच चोथ्यावर अळंबी पिकवायची. सगळ्यांना मिळून एक बॉयलर, एक वाळवणीची शेड. एकाचं उरलेलं दुसऱ्यानं वापरायचं आणि जिल्ह्यात पिकलेलं जिल्ह्यातच राबवायचं. हे चालवायला आगीची भाषा कळणारा माणूस हवा होता. तो मला मुठीतून बगॅस सोडताना दिसला होता.

त्याच्या घरी मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्याचे वडील आबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "गावानं टाकल्यालं उचलायचं आमी छप्पन सालीच सोडलं. मेलेली ढोरं वढायची न्हाई म्हनलं, तर सा म्हयने वस्तीला कुनी कामाला लावलं न्हाई. उपाशी काढलं, पर उचललं न्हाई. आन तू हातातली नोकरी सोडून पुन्यांदा तेच उचलाय निघालास?"

"आबा, ह्ये टाकल्यालं न्हाई. माल हाय ह्यो."

"गावाला ठावं हाय का, ह्यो माल हाय म्हून?"

राजरत्न हसला. मीही हसलो. म्हातारा जुन्या काळात अडकलाय, असं मला वाटलं. राजरत्नच्या बायकोनं, मायानं, चहाचे कप उचलता उचलता निकाल दिला, "करू द्या की त्यास्नी. सा म्हयने घरी बसून मोटारीच्या वायरी गुंडाळत्यात, त्यापरीस बरं."

१९९४ च्या दसऱ्याला पहिली कांडी निघाली. मनगटाएवढी जाड, तपकिरी, वाफाळती. राजरत्न दाबयंत्राला कान लावून उभा राहायचा. आतला स्क्रू झिजायला लागला की आवाज बदलतो, असं म्हणायचा, आणि यंत्र बंद पडायच्या आधीच तो बदलायचा. बोर्डाचा कारखाना कुंडलच्या वीरधवल नावाच्या डिप्लोमा झालेल्या मुलानं काढला. ऊसवाल्या घरातला, वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगा उत्साही होता. अळंबीची शेड मायानं आणि वस्तीतल्या नऊ बायकांनी घेतली. अळंबीला गावात कुत्र्याची छत्री म्हणत. ती कोण खाणार म्हणून बायका पहिले आठ दिवस तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढं मिरजेच्या हॉटेलांतून माणूस रोज न्यायला येऊ लागला.

दोन हंगाम हे चाललं. बाहेरून जीपगाड्या यायच्या, लोक फोटो काढायचे. एकदा आबा काठी टेकत माळावर आले. यंत्रापाशी बराच वेळ उभे राहिले. जाताना दोन कांड्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं, असं मायानं मला सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. राजरत्नच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच असावा.

वसाहतीला बगॅस जात होता तो राजरत्नच्या जुन्या साखर कारखान्याचा. त्यांना तोवर त्याचा ढीग म्हणजे कटकट वाटायची. उन्हाळ्यात पेट घ्यायचा, पावसात कुजायचा. राजरत्न ट्रॉल्या भरून न्यायचा, तेव्हा कारखान्याची माणसं त्याला चहा पाजायची. पण जीपगाड्यांतून आलेल्या लोकांनी नुसते फोटो काढले नव्हते. १९९६ च्या सुरुवातीला परराज्यातल्या एका कागदगिरणीनं कारखान्याचा सगळा बगॅस पाच वर्षांसाठी मागितला. संचालकांच्या बैठकीला मला बोलावलं होतं, म्हणून मी गेलो. टेबलावर माझा अहवाल होता. बगॅसमध्ये उष्णता किती, धागा किती, त्यातून काय काय होतं, हे मी बोरखडीसाठी लिहिलेलं सगळं अधोरेखित केलेलं. त्या पानांवर बोट ठेवून त्यांनी गिरणीकडून चांगला भाव वाजवून घेतला. एक संचालक मला म्हणाले, "साहेब, तुम्ही डोळे उघडलेत आमचे."

मी बोरखडीला गेलो आणि राजरत्नला सांगितलं. तो स्क्रूला वेल्डिंग करत होता. डोळ्यांवरची काच वर करून त्यानं विचारलं, "समदा?"

"सगळा."

"आमाला एखादी ट्रॉली?"

"करार सगळ्याचा आहे."

तो खाली बसला. म्हणाला, "टाकाऊ हुतं तवर आपलं हुतं म्हना की."

मी त्याला म्हणालो, पाचट आहे. ऊस तोडल्यावर रानात पडून राहणारा वाळका पाला. शेतकरी तो जाळूनच टाकतात. माझ्या तक्त्यात पाचटाचा आकडा बगॅसच्या खालोखाल होता. आकडा खरा होता. पण रान कोणाचं आणि गोळा करणारं कोण, याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

पहिल्या वर्षी दिलं लोकांनी. वस्तीतल्या बायका विळे-दोर घेऊन फडात जायच्या, भारे बांधायच्या. गुंडा नावाचा मोठा बागायतदार होता, वीस एकर ऊस. त्यानं स्वतः येऊन सांगितलं, "राजा, माझ्या रानातलं समदं ने गड्या. काडी लावायची तरी दगदग वाचंल." माळावर पाचटाची गंजी उभी राहिली, दोन मजली घराएवढी. त्याच्या कांड्या बगॅसइतक्या चांगल्या होत नव्हत्या. राख जास्त, स्क्रू लवकर झिजायचा. तरी होत होत्या.

दुसऱ्या हंगामात गावात वेगळं बोलणं सुरू झालं. वस्तीतल्या बायकांनी आमच्या रानात शिरायचं, आमच्याच पाल्यावर यांनी कारखाना चालवायचा, उद्या शिरजोर होतील. १९९७ च्या जानेवारीत माया आणि बायका ठरल्याप्रमाणे गुंडाच्या फडावर गेल्या. मीही त्या दिवशी वजनं घ्यायला बरोबर होतो. लांबूनच धूर दिसला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं रान काळं झालं होतं, बांधावर गुंडा उभा.

माया म्हणाली, "आवं दादा, आज यायचं ठरलं हुतं न्हवं?"

"रान मोकळं व्हाय पायजे हुतं," गुंडा म्हणाला.

"आमी मोकळंच करनार हुतो की."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "सायेब, माझं काय न्हाई बगा. पर भावकीत ऱ्हायाचं हाय मला." आणि तो निघून गेला. बायका दोर घेऊन तशाच थोडा वेळ बांधावर बसल्या. राख उडून त्यांच्या लुगड्यांवर पडत होती. त्या महिन्यात एकामागोमाग एक सगळी रानं पेटली.

बगॅस गेल्यावर बोर्डाचं काम लंगडत चाललं होतं. मार्चमध्ये वीरधवलनं हात टेकले. यंत्रं विकली आणि पुण्याला प्लायवूडच्या दुकानात भागीदारी घेतली. जाताना तो राजरत्नच्या गळ्यात पडून रडला. खोटं नव्हतं ते. पण त्याच्याकडे जायला पुणं होतं. वाफ सगळ्यात जास्त तोच वापरायचा, त्यामुळे एकट्या अळंबीसाठी बॉयलर पेटवणं परवडेना. बॉयलर बंद झाला. चोथा गेल्यावर अळंबी काडावर घेत होते, आणि ते उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय चालत नाही, म्हणून माया उघड्या चुलाणावर पिंप ठेवून ते उकळू लागली. चुलाण शेडच्या दाराशी, आणि पलीकडे उरलेली पाचटाची गंजी.

एप्रिलमधल्या एका सकाळी वारं सुटलं. अकराच्या सुमाराला ठिणगी गंजीत गेली. वाळलेलं पाचट कसं पेटतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बायका बाहेर पळाल्या. मोजल्या तर एक कमी. बनुबाई नावाची म्हातारी आतल्या मांडणीमागे पिशव्या भरत होती, कानानं अधू. माया परत आत गेली. दारावरची प्लास्टिकची ताडपत्री पेटून खाली लोंबत होती. ती तिनं दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली आणि बनुबाईला बाहेर काढलं. बनुबाईला काही झालं नाही. मायाच्या हातांना ते वितळलेलं प्लास्टिक चिकटून राहिलं.

राजरत्न कुंडलला स्क्रू आणायला गेला होता. तो आला तेव्हा शेड, गंजी, दाबयंत्राची छपरी, सगळं जळून बसलं होतं. त्यानं त्या राखेकडे बघितलंसुद्धा नाही. माया सांगलीच्या दवाखान्यात दीड महिना होती. जीव वाचला. पण बोटं एकमेकांना चिकटली, ती पुन्हा सुटी झाली नाहीत. तिला भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. पाण्याचा तांब्या ती दोन मनगटांत धरते.

आबा त्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं राजरत्न म्हणाला. कारखान्यात तो पुन्हा विचारायला गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस कायम झाला होता.

१९९९ मध्ये खात्यानं मला खंडाळ्याच्या बाजूला तशीच वसाहत काढायचा आराखडा करायला सांगितला. राजरत्न तेव्हा उंब्रजला, हायवेलगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी दारं करत होता. त्याला सल्लागार म्हणून घ्यावं, असं मनात धरून मी गेलो. खरं सांगायचं तर, त्याच्यासाठी काहीतरी केलं असं मला वाटायला हवं होतं.

दुकानामागच्या खोलीत बसलो. चहा त्यानंच केला. माया भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. मी योजना सांगितली. त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली, मध्ये दोन नेमके प्रश्नही विचारले, बॉयलरच्या दाबाबद्दल. मग म्हणाला, "न्हाई सायेब. मला नगं."

"का? तुझ्याइतकं हे कुणाला कळतं?"

"कळून काय झालं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "एक करा. तिथं कुनाला नोकरी सोडाय सांगू नका. बाकी तुमी आन तुमचं खातं काय करायचं ते करा."

मी कप खाली ठेवला. निघताना माया म्हणाली, "सायेब, माळावरचं बॉयलरचं पत्रं लोक काढून न्याय लागल्यात. ते कुनाच्या नावावर हाय, कागद बगून सांगता का? आमचं नसंल तर नगं. पर इचारलेलं बरं."

मी सांगतो म्हणालो. कार्यालयात परत आल्यावर फाइल काढली. बोरखडीच्या वसाहतीपुढं 'कार्यरत' असा शिक्का होता, तीन वर्षांचा, दर मार्चला मारलेला. बॉयलर कोणाच्या नावावर आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. खंडाळ्याचा आराखडा मी महिन्याअखेर दिला. उंब्रजला कळवायचं राहून गेलं.