न्यायला येणारा माणूस

नत्थूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी राईस मिलच्या अंगणात उभा होतो. धानाचा ट्रॅक्टर आत यायचा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मोहाडीहून त्यांचा पुतण्या सांगत होता की पहाटे गेले, दुपारी नदीवर नेतो, येणार असाल तर या. मी हो म्हटलं, फोन खिशात टाकला आणि ट्रॅक्टरला वाट करून दिली. आपलं माणूस गेल्यावर मनात येणारा पहिला विचार तरी चांगला असावा, अशी आपली अपेक्षा असते. माझ्या मनात आलं ते असं, की आता मला न्यायला कोण येणार? मी पन्नाशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप, स्वतःच्या घरात राहणारा. स्वतःचीच लाज वाटली. पण विचार आला तो आला...

नत्थूभाऊ मोहाडीचे विणकर. आमच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर, कोच, पंचांशी भांडणारे आणि चेंडूचं पंक्चर काढणारे, सगळे तेच. क्लबला रीतसर नाव होतं, पण तालुक्यात आम्हाला 'मागवाले' म्हणत, कारण क्लबचा कारभार त्यांच्या हातमागाच्या खोलीत चालायचा. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले आणि आम्ही समोर जमिनीवर. स्वतः ते कधी धड खेळले नव्हते. लहानपणी पाय अधू झाला होता, थोडे लंगडत. पण माणसाच्या चालण्यावरून तो कुठल्या जागी खेळेल ते त्यांना कळायचं. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या पोरांचे पाय बघत बसायचे. एकदा तर बोहल्यावरून उतरलेल्या नवरदेवालाच त्यांनी विचारलं होतं, डाव्या पायानं मारता का म्हणून. त्यांच्या बायकोनं, यशोदावैनींनी, कपाळावर हात मारून घेतला होता.

दर वर्षी टीम बांधायची आणि दर वर्षी ती उसवताना बघायची, हे त्यांचं आयुष्य. धान कापून झालं की गावोगावच्या स्पर्धा सुरू होत, त्या होळीपर्यंत चालत. तेवढ्यात कोणी पुण्याला कंपनीत लागे, कोणी पोलीस भरतीत निघून जाई, कोणाचं लग्न होई आणि सासऱ्याला खेळ पसंत नसे. पोरगा येऊन सांगायचा, भाऊ, मी चाललो. नत्थूभाऊ माग थांबवत नसत. धोटा दोन-चार वेळा इकडून तिकडे जाई, मग विचारत, 'केव्हा?' बस, एवढंच. कोणाला त्यांनी थांब म्हटलेलं मी ऐकलं नाही. पोरगा दाराबाहेर गेला की मात्र धागा तुटे, आणि तो जोडायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागे.

जिल्हा फुटला त्या वर्षी मी चोविशीत होतो. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. कुठे फटाके फुटले, कुठे शिव्या दिल्या गेल्या. आमच्याकडे काय झालं, तर अकरापैकी सात खेळाडू एका दिवसात परजिल्ह्याचे झाले. वैनगंगेचा पूल ओलांडून सायकलवर सरावाला येणारी पोरं होती ती, आणि जिल्हा स्पर्धेत त्याच जिल्ह्यात राहणारा खेळाडू लागे. नत्थूभाऊ आठ दिवस नावांची यादी लिहीत आणि खोडत बसले. मग त्यांनी डोकं लढवलं. पुलापलीकडे, तिरोड्याजवळच्या एका गावात पटले गुरुजींचा क्लब होता. त्यांच्याकडे बचावात खेळणारे दोन सख्खे भाऊ होते, आणि त्या भावांचा मामा मोहाडीत राहायचा. माझी मावशी गुरुजींच्या गावात. ज्याचा नातेवाईक जिथे, त्याचा पत्ता तिथे. दोघे भाऊ मामाकडे आले, मी मावशीकडे गेलो. त्या वर्षी कोणी कुठे खेळायचं ते रेशनकार्डांनी ठरवलं म्हणा ना. मी क्लबचा एकुलता एक फॉरवर्ड, आणि मलाच देतात म्हणून रुसून बसलो होतो. तेव्हा नत्थूभाऊ म्हणाले, "एका हंगामाची गोष्ट आहे गा. तुले विकून नाही राहिलो, देऊन राहिलो. होळी झाली का न्याले येतो."

हे न्यायला येणं बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे क्लब एकमेकांना खेळाडू देत. कागदपत्र काही नसे, पण रीत कडक होती. ज्यानं खेळाडू दिला त्यानं हंगाम संपल्यावर स्वतः जाऊन त्याला परत आणायचं. ज्याच्याकडे दिला त्याच्या घरी आधी जेवायचं, आणि हात धुवायच्या आत खेळाडू मागायचा. खेळाडूनं आपल्या पायानं परत यायचं नाही. आला तर तो पळून आला असं धरत, आणि दोन्ही गावांची बोलचाल बंद होई. आणखी एक, दिलेला खेळाडू आपल्या मूळच्या क्लबाविरुद्ध मैदानात उतरत नसे. लोक हसत. म्हणत, पोट्टे आहेत का सासरी गेलेल्या लेकी? हसोत. या रितीमुळे आमच्या भागात कोणी कोणाचा खेळाडू दाबून ठेवला नाही, एवढं खरं.

होळी झाली. मी मावशीच्या घरी पिशवी भरून ठेवली होती. पाडवा आला, गेला, उन्हं तापली. नत्थूभाऊ आले नाहीत. पिशवीतले कपडे एकेक करून परत दोरीवर गेले. गुरुजींच्या ओळखीनं मला राईस मिलमध्ये काम लागलं होतं, त्यात दिवस जात. पुढच्या हंगामात गुरुजींनी माझं नाव पुन्हा यादीत घातलं, मी काही बोललो नाही. मोहाडी काही परदेश नव्हे. बसमध्ये बसून जाता आलं असतं, विचारता आलं असतं. पण मग मी पळून आलेला ठरलो असतो. आणि खरं सांगायचं तर राग होता. मला वाटलं, यांना दोन चांगले बचावपटू मिळाले, फॉरवर्डही दुसरा तयार झाला, आता हा पोरगा कशाला हवा? माझं लग्न इथेच झालं. नत्थूभाऊ लग्नाला आले, पंगतीला बसले. त्यांचं जेवण होईपर्यंत माझं लक्ष बायकोकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त होतं. ते जेवले, हात धुतले, आशीर्वाद दिला आणि परत गेले.

मोहाडीचा क्लब आमच्या गावात खेळायला आला की मी उतरत नसे. गुरुजीही आग्रह करत नसत. जितकी वर्षं खेळलो तितकी वर्षं असा मी मोहाडीच्या सामन्याला बाहेर बसलो, एकदा तर फायनलला. आमच्याच टीममधली पोरं कुजबुजली, हा माणूस अजून पाहुणाच आहे का? त्या फायनलच्या मध्यंतरात नत्थूभाऊ लंगडत माझ्याशेजारी येऊन बसले. खिशातून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"गुडघा दुखते का?"

मी हो म्हटलं. खोटं बोललो. मी अजून तुमचाच आहे, तुमच्याविरुद्ध कसा खेळू, असं सांगायला हवं होतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण ज्यानं न्यायला यायचं त्यानं यावं, मी कशाला तोंड वेंगाडू, असा माझा ताठा. ते म्हणाले, मोहाचं तेल लावत जा, कोमट करून. मग दोघेही शेंगा खात दुसरा हाफ बघत बसलो. मोहाडी हरली.

त्यांचं टीम बांधणं मात्र सुरूच होतं. बपेऱ्याहून एक उंच पोरगा आणला, तो अर्ध्या हंगामात राज्याच्या सीमेपलीकडे कामाला निघून गेला. गोसीखुर्दच्या धरणात गावं गेली, माणसांना पुनर्वसनाच्या प्लॉटवर आणून बसवलं. नत्थूभाऊ तिकडे कापड द्यायला गेले होते. तिथल्या पोरांचं मैदानच पाण्याखाली गेलं होतं, ती रस्त्यावर खेळत होती. त्यांतली चार पोरं नत्थूभाऊंनी क्लबात आणली. ईश्वर त्यांतलाच. आता सत्तावीस वर्षांचा आहे, गोलकीपर, हात लांब आणि बोलणं कमी. अलीकडे गावच्या स्पर्धांत कुठल्याही जिल्ह्याचा पाहुणा खेळाडू चालतो. गेल्या दिवाळीनंतर गुरुजींच्या क्लबाला गोलकीपर नव्हता, म्हणून नत्थूभाऊंनी ईश्वर दिला. सोडायला स्वतः आले. मिलच्या फाटकाशी उभे होते, दम लागत होता, दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं. मी पाणी आणलं, तेही नको म्हणाले. "पोट्ट्याकडं लक्ष ठेवजो. होळी झाली का... येतो न्याले." मी मान हलवली. हेच शब्द मलाही दिले होते, ते यांना आठवत नसतील का, एवढंच माझ्या मनात घोळत होतं. त्यांचा चेहरा नीट बघायचा राहून गेला. तीच शेवटची भेट.

त्या दिवशी नदीवर गेलो होतो, तेरवीलाही गेलो. माणसं पांगल्यावर यशोदावैनी मागाच्या खोलीत येऊन बसल्या. मागावर अर्धं विणलेलं कापड तसंच ताणलेलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी चेष्टेत म्हटलं, भाऊ मला न्यायला येणार होते, आलेच नाहीत. वैनी हसल्या नाहीत.

"गेले होते न जी," त्या म्हणाल्या. "त्याच होळीनंतर. गुरुजीकडं जेवूनही आले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नत्थूभाऊ बसमधून उतरले आणि गुरुजींकडे जाताना मिलवरून गेले. मी अंगणात चार मजुरांबरोबर उभा होतो, अंगभर कोंडा, आणि मोठमोठ्यानं हसत होतो. ते फाटकाबाहेर थोडा वेळ थांबले, मला हाक मारली नाही. जेवताना गुरुजींनी सांगितलं की मिलमध्ये पोराचं काम पक्कं होतंय, याच गावातली एक मुलगीही सांगून आली आहे. नत्थूभाऊ जेवले, हात धुतले आणि काही न मागता उठले. पोराला सांगू नका, असं गुरुजींना बजावून आले, नाहीतर पोरगा मन मारून परत येईल. घरी आल्यावर वैनींनी माझं नाव घेऊन विचारलं, देवानंद कुठं आहे? तर म्हणाले, "तो तिथं रुजला. रोवलेला धान उपटून कोणी परत रोपाच्या पऱ्ह्यात नेते का?" दोन दिवस माग बंद होता.

मी त्या दिवशी कशाला हसलो असेन, ते आठवायचा फार प्रयत्न केला. नाही आठवत. मजुरांपैकी कोणी काही बोललं असेल, नाहीतर एखादं पोतं फाटलं असेल. त्या काळात मी सकाळ-संध्याकाळ मोहाडीच्या बसकडे डोळे लावून होतो, आणि नत्थूभाऊंना दिसायला नेमका तेवढाच क्षण सापडला. परतताना बसमध्ये मला त्यांचा भयंकर संताप आला. माणसानं विचारावं की नाही? आयुष्यभर पाय बघून माणूस ओळखलात भाऊ, आणि माझ्या वेळी तोंड बघायला गेलात. मग पूल आला, आणि संताप ओसरला. विचारलं तर मीही नव्हतं.

यंदाची होळी झाली. दुसऱ्या दिवसापासून ईश्वर गुरुजींच्या पडवीत पिशवी भरून बसलेला दिसायला लागला. मोहाडीहून कोणी येईना. तिथे उरलेली पोरं नवखी, गुरुजींच्या पंगतीला बसून खेळाडू मागायची कोणाची छाती नव्हती. मी ईश्वरला म्हटलं, सरळ निघून जा, आता कोण विचारतं? तो म्हणाला, "असा कसा जाऊ जी? भाऊनं सांगतलं होतं, न्याले आल्याबिगर हलजो नोको."

मला यात पडायचं नव्हतं. मी थकलोय. मिलमधून सुटल्यावर पाठ टेकावी, एवढीच हौस उरली आहे. पण त्याला तसं बसलेलं आणखी किती दिवस बघणार? रविवारी गुरुजींना निरोप धाडला, जेवायला येतो. गुरुजी आता ऐंशीचे, ऐकायला कमी येतं. ते, ईश्वर आणि मी जेवायला बसलो. भात, वरण, तलावातल्या मासोळ्या. जेवण संपत आलं, हात उष्टा होता, आणि मी ताटातली शितं वेचत होतो.

"गुरुजी, आमचा पोरगा न्याले आलो जी," मी शेवटी म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कोणाकडून आला?"

"मोहाडीकडून. नत्थूभाऊकडून."

गुरुजींनी आपलं ताट जरा बाजूला सारलं. त्या वेळी नत्थूभाऊ इथेच जेवून, काही न मागता उठले होते, आणि इतकी वर्षं गुरुजींनी ते पोटात ठेवलं होतं. मग त्यांनी भाताचं पातेलं ओढलं आणि माझ्या ताटात भात वाढला.

"जेव," ते म्हणाले. "आन मंग दोघंही जा. तुलेही सोडलं."

मला समोरचं ताट दिसेना. पन्नाशीचा माणूस मी, उष्ट्या हातानं तिथे बसून रडलो, आणि ईश्वर बिचारा खाली मान घालून भात चिवडत राहिला. मला सोडलं होतं, आणि ज्याच्याकडे परत जायचं तो माणूस राहिला नव्हता. मोहाडीत होती ती सहा नवखी पोरं आणि पहिल्यापासून बांधायची एक टीम. माझं घर याच गावात, इथून चार घरं सोडून. बायकोला निरोप धाडला की संध्याकाळच्या जेवणाला येतो. ईश्वरनं पिशवी उचलली. आम्ही हात धुतले आणि बस गाठायला निघालो.