कुसुम बैलाजवळ गेली नव्हती

"कुसुम गेलती बैलाजवळ."

एवढंच मी म्हणाले. समोर आमचा छकडा उलटा पडला होता, त्याचं एक चाक अजून हवेत फिरत होतं. धाकट्या दिराला, बाळूला, लोकांनी खालून ओढून काढला होता आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. घोडा तुटलेलं जू ओढत रानात पळाला होता. आमचा बैल गुलब्या कुशीवर पडून तोंडातून फेस काढत होता. सासऱ्यांनी, आप्पांनी, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "आज सकाळधरनं बैलाजवळ कोण गेलतं?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. उत्तर मी दिलं.

खोटं दिलं. बैलाजवळ मी गेले होते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही. ते गेले तेव्हा मी उशाशी बसले होते, तेव्हाही नाही. लेकीला नाही. देवालाही मी सांगायला गेले नाही; त्याला ठाऊक असेल तर असू दे. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना हात अडखळतो, पण तो अक्षरांमुळं नव्हे.

आमचं गाव निपाणीजवळ. शेती तंबाखूची आणि नाद शर्यतीचा. हे सगळं सत्तरच्या पुढच्या सालातलं. घरातले सगळे मिळून शर्यतीची एक टोळीच होती म्हणा. आप्पा जनावर निवडायचे. माझे मालक छकड्याचा आस आणि चाकं बघायचे. बाळू गाडी हाकायचा. सासूबाई निघताना दृष्ट काढायच्या. आणि मी? शेण काढायचं, वैरण कापायची, बैलाला धुवायचं, जत्रेच्या मैदानावर सगळ्यांच्या भाकरी थापायच्या. ह्याला कुणी शर्यतीचं काम म्हणत नसे. बक्षिसाचा फेटा बांधायची वेळ आली की मी कुठंतरी चुलीपाशी असायची.

आमच्याकडं बैल-बैलाची शर्यत असते तशी घोडा-बैलाचीही असते. एकाच जुवाला एका अंगाला घोडा, दुसऱ्या अंगाला बैल. बाहेरच्या माणसाला हसू येतं. पण ती जोडी जमवायला दोन-दोन महिने लागतात. घोड्याला आवरायला शिकवायचं, बैलाला झपझप पाय उचलायला शिकवायचं. आमचा घोडा बेळगावच्या कॅम्पात टांग्याला होता. बाळूनं तिथून आणला. सुरुवातीला कुणी हात वर केला की तो थांबायचा — त्याला वाटायचं सवारी आली! त्यावरून गावभर चेष्टा झाली. पण गुलब्याशी त्याचं जमलं. अशा जोडीचा एक नियम असतो. शर्यतीच्या दिवशी बैल हलका ठेवायचा. आदल्या संध्याकाळी मूठभर वैरण, सकाळी पाणी नाही, फक्त ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं. बैलाचं पोट भरलं की तो मागं पडतो, घोडा पुढं ओढतो, आणि गाडी आडवी होते. हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. हे ध्यानात ठेवा. पुढं मी कुठं भोळेपणा दाखवायला लागले तर मला इथं परत आणा.

कुसुम म्हणजे बाळूची बायको. माझी जाऊ. हुक्केरीकडची, घरात कन्नड बोलणारी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अजून मूल नव्हतं. तिचं मराठी उलटंपालटं. "आक्का, मी आला," म्हणायची आणि स्वतःच हसायची. सासूबाईंना ते हसणं खपत नसे. मला? मला ती आवडायची. वाईट वागली असती तर आज मला थोडं सोपं गेलं असतं. ती वाईट वागली नाही.

शनिवारी आम्ही दोन गाड्या घेऊन मैदानावर उतरलो. शर्यत रविवारी. चिंचेखाली चूल मांडली. दुपारी कुसुम माझ्या कानाला लागली — ती बाहेरची झाली होती. अशी बाई शर्यतीच्या जनावराजवळ असली की विटाळ होतो, जनावर दगा देतं, असं आमच्याकडं पक्कं मानायचे. सासूबाईंनी तिला मैदानाच्या कडेला बाभळीखाली बसवलं. उन्हात. बाभळीला सावली ती काय असणार? तिचं जेवण मी नेऊन ठेवलं, पानावर, लांबून. रविवारी सकाळचंही. म्हणजे ती कुठं होती, कशी होती, हे त्या मैदानावर सगळ्यात जास्त कुणाला माहीत होतं? मला.

आता बादलीचं सांगते.

गुलब्याची आई त्याला टाकून मेली होती. ज्वारीच्या पिठाची पेज मी त्याला माझी बोटं चोखायला देऊन पाजली होती. त्या शर्यतीसाठी मी त्याच्या मानेला जू काचू नये म्हणून जुन्या लुगड्याची गादी शिवली होती, आत कापूस घालून, टाके बारीक. रविवारी सकाळी ती गादी घेऊन मी जुवापाशी गेले. ठेवून बघायला, एवढंच. आप्पा ओरडले, "ए, हो मागं! बाईमाणसाचा हात जुवाला लावतीस? अक्कल हाय का न्हाय?" आजूबाजूला दुसऱ्या गावच्या गाड्या होत्या. एकजण म्हणाला, "आप्पा, औंदा थोरली सून गाडी हाकणार वाटतं!" लोक हसले. बाळू हसला. माझे मालकही हसले. मालकांनी माझ्या हातातली गादी घेतली आणि स्वतः जुवाखाली बसवली. "झ्याक झालीया की," म्हणाले. मी शिवलेली गादी चालते, जन्मल्यापासून मी वाढवलेला बैल चालतो, मी तेवढी चालत नाही! आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा माझ्या कानशिलात गरम होतंय.

मग पुरुष सगळे गाड्यांचे नंबर लावायला पंचांकडं गेले. सासूबाई देवळात. गुलब्या गाडीमागं बांधलेला, रिकाम्या बादलीची कड चाटत होता.

मी विहिरीवरून पाणी आणलं. त्यात उरलेली पेंड कालवली. त्यानं बादली संपवली. मी दुसरी आणली. तीही त्यानं संपवली.

हे ऐकून कुणी म्हणेल, आईची माया हो, तहानलेला जीव बघवला नाही. मीही काही वर्षं मनाला असंच सांगून बघितलं. माया पहिल्या बादलीला असते. दुसऱ्या बादलीला काय होतं? राग होता. हरू देत, असं मला वाटलं. चारचौघांत हरू देत, मग बघू कोण हसतं. गाडी उलटेल असं वाटलं नव्हतं — असं लिहिणार होते. पण बैल मागं आणि घोडा पुढं झाला की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

शर्यत मी चुलीपाशी उभी राहून बघितली. निशाण पडलं. पहिल्यांदा आमची गाडी पुढं होती. मग गुलब्या जड पडायला लागला. बाळूनं त्याला चाबूक ओढला, पुन्हा ओढला. घोडा तसाच पुढं ओढत होता. जू तिरकं झालं, छकडा डाव्या अंगाला वळला, एक चाक उचललं गेलं — आणि धुरळा. माणसं धावली. मीही धावले. धावताना माझ्या डोक्यात बाळू नव्हता, गुलब्याही नव्हता. बादली होती. ती तिथंच पडली होती, कडेला पेंड चिकटलेली. कुणी बघितली तर?

कुणी बघितली नाही. ह्याचाच मला अजून संताप येतो. बैलाचे दात बघून वय सांगणारी माणसं ती! शेणावरून त्यानं काल काय खाल्लं ते ओळखणारी! गुलब्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. एकानंही त्यावर हात ठेवला नाही. आप्पांनी विचारलं, मी कुसुमचं नाव घेतलं, आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! ती तर कालपासनं बाहेरची हाय! विटाळ क्येला की गं माझ्या लेकावर!" झालं. पुढं कुणाला काही विचारायचं राहिलंच नाही. दोन बादल्या पाणी कुणाला दिसलं नाही. बाईचा विटाळ मात्र जो घडलाच नव्हता तो सगळ्यांना दिसला.

तिला बाभळीखालून बोलावलं. ती लांबच उभी राहिली, जवळ यायचं नाही म्हणून. नवरा तिकडं विव्हळतोय आणि ती तिथून मान उंच करून बघतेय. सासूबाई शिव्या द्यायला लागल्या तेव्हा तिला कळलं कशाबद्दल चाललंय. भीतीनं तिचं मराठी पळालं. "नानल्ल, नानल्ल," एवढंच म्हणत राहिली. मी नाही, मी नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आक्का सांगेल. आक्कानंच तर सकाळी भाकरी आणून ठेवली होती.

आक्कानं पदर सारखा केला.

मी तिचंच नाव का घेतलं? तोंडातून गेलं, असं म्हणता येईल. खोटं आहे ते. आप्पांनी विचारलं आणि उत्तर द्यायच्या आत माझी नजर सगळ्यांवरून फिरली. मालक, सासूबाई, गडी — सगळे समोर होते, सगळे उलटून बोलले असते. बाभळीखाली होती ती एकटीच. तिला उत्तर देता आलं नसतं. आणि ती बाहेरची आहे, म्हणजे तिचं नाव घेतल्यावर पुढं तपास होणार नाही, हेही मला माहीत होतं. हे सगळं मी तेवढ्या वेळात बघितलं. मग बोलले.

खरं सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं? दोन थोबाडीत बसल्या असत्या. चार महिने टोमणे. बैलाला पाणी पाजणं ही चूक होती, बाईच्या जातीची बेअक्कल म्हणून सोडून दिली असती. मला घराबाहेर कुणी काढलं नसतं. एवढ्या स्वस्तात सुटत होते मी. तरीही नाही बोलले.

गुलब्या त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत मेला. बाळूचा पाय निपाणीच्या दवाखान्यात बांधला, पण तो वाकडाच राहिला. आणि कुसुमला तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. पाय बरा होईस्तोवर म्हणून गेली ती परत आणलीच नाही. पुढच्या वर्षी बाळूचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नातल्या भाकरीही मीच थापल्या.

ऐंशीच्या पुढं कधीतरी मी बेळगावला गेले होते, खडेबाजारात. बांगड्यांच्या दुकानापाशी कुणीतरी हाक मारली. कुसुम! खासबागेत मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती. आता मराठी चांगलं बोलत होती, बेळगावच्या बायकांसारखं आलो-गेलो करत. शिव्या देईल म्हणून मी अंग चोरलं. तिनं माझ्या लेकीची, लेकाची चौकशी केली. बाळूच्या पायाची केली. मग हळूच म्हणाली, "आक्का, मी त्या दिवशी बैलाजवळ न्हवतो गेलो. तुमची बघण्यात चूक झालती काय?"

बघा. तिनं मला वाट करून दिली होती. चूक झाली गं, एवढं म्हणायचं होतं. तेही अर्धं खोटंच, पण तेवढं तरी.

"मला तसंच दिसलं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "लांबनं तसं दिसत असंल." आणि तिनं माझ्या हातातली जड पिशवी बसस्टँडपर्यंत आणून दिली.

आता हे सगळं आजच का लिहितेय? गेल्या महिन्यात नातवानं शर्यतीसाठी खोंड घेतलं. पूजा होती. नवी नातसून, शिकलेली, नोकरी करणारी, आरतीचं ताट घेऊन जुवापाशी गेली. माझी सून धावली. "लांब हो पोरी, आपल्या घरात असल्या दिवशी बाईनं जुवापाशी जायचं नसतं. मागं एका सुनेनं हात लावला आणि गाडी उलटली. बैल मेला, माणूस लंगडा झाला. विचार आज्जींना, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय." नातसुनेनं माझ्याकडं बघितलं. तशीच, मान उंच करून.

माझं खोटं आता आमच्या घराची रीत झालंय. त्यावर हळदकुंकू वाहतात. आणि ते ऐकून मी काय केलं? मान हलवली. व्हय म्हणाले. म्हातारपणी माणूस धीट होतं म्हणतात. कुठं?

आप्पा गेले, सासूबाई गेल्या. मालक गेले. बाळू मागच्या दिवाळीत गेला. त्या रविवारी मैदानावर आमच्या घरची जी माणसं होती त्यातल्या आता दोघीच जिवंत आहोत. कुसुम आणि मी.