सासूबाई आधी जेवायच्या

ज्या वर्षी सगळं बंद झालं, त्या वर्षी माझ्या नवऱ्याची कंपनीही बंद पडली. मुरबाडच्या बाजूला बाटल्यांची बुचं बनवायची छोटी कंपनी होती. मालक आधी म्हणाला, महिनाभर थांबा. मग म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू. मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. आम्ही आसनगावला भाड्याच्या खोलीत राहत होतो. मुलगी आठ वर्षांची. एक दिवस नवरा म्हणाला, "गावाला जाऊया. तिथे निदान तांदूळ तरी आहे." आम्ही खोली सोडली आणि सासूबाईंकडे गेलो.

गाव उंबरमाळी स्टेशनपासून डोंगराच्या अंगाने तासभर चालत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई एकट्याच राहायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी त्यांच्याजवळ सलग आठ दिवससुद्धा राहिले नव्हते. गणपतीला यायचं, दोन दिवस थांबायचं, परत जायचं. त्यामुळे ही बाई कशी आहे हे मला खरं तर माहीतच नव्हतं. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. सकाळी उठून बघावं तर त्यांची अर्धी कामं झालेली असायची.

हळूहळू त्यांच्या सवयी कळायला लागल्या. भाताची पेज त्या कधी ओतून देत नसत. पेरणीसाठी राखलेलं भात माळ्यावर एका कणगीत वेगळं होतं, त्याला हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, "आई, घरातले तांदूळ संपलेच तर?" त्या म्हणाल्या, "तरी नाय. बी खाल्लं तं पुढल्या साली कुनाच्या दारात जायचं?" त्यांनी ऐन तरुणपणी दुष्काळ पाहिला होता. सलग पाऊस गेला तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी दळून भाकऱ्या खाल्ल्या होत्या. एवढंच त्या सांगायच्या. पुढे विचारलं की उठून कामाला लागायच्या.

रानातलं खाणं मला त्यांनीच शिकवलं. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडाची फळं घालायची. कुठली अळंबी घ्यायची, कुठलीकडे बघायचंही नाही. भाजीवाला गावात येत नव्हता, तेल जपून वापरायचं होतं, त्या दिवसांत या रानभाज्यांवरच आमच्या ताटाला चव होती.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. रोजचा भात सासूबाई सगळ्यांच्या मागून खायच्या. रानातून काही आणलं की मात्र आधी त्या एकट्या जेवायच्या. ताट वाढून घ्यायच्या, पडवीत बसायच्या आणि सावकाश खायच्या. आम्हाला द्यायच्या संध्याकाळी, नाही तर दुसऱ्या दिवशी. कोणी मागितलं तर म्हणायच्या, "थांबा जरा."

कडू कंदाच्या वेळी तर हद्द झाली.

आषाढात त्यांनी रानातून कंद खणून आणले. हा कंद असाच खाल्ला तर माणसाला भारी पडतो, हे मीही ऐकून होते. त्यांनी साल काढलं, पातळ चकत्या केल्या, राख घालून उकडल्या, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. दोन रात्री. तिसऱ्या दिवशी टोपली आणली, पुन्हा उकडलं, वर थोडं मीठ टाकलं. घरभर वास सुटला. माझी मुलगी सकाळपासून चुलीभोवती घुटमळत होती. सासूबाईंनी एक ताट भरलं आणि पडवीत जाऊन बसल्या. मुलगी समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आजी, मला?"

"तुला उद्या."

"थोडंसं."

"नाय म्हनलं ना!"

मुलगी रडायला लागली. मला सहन झालं नाही. मी बाहेर गेले आणि बोलून मोकळी झाले, "आई, आधी पोराला द्यायचं असतं. आई असून तुम्हाला एवढंही कळत नाही? या वयात एवढी हाव बरी नव्हे."

त्यांचा घास तोंडात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग पुन्हा चावायला लागल्या आणि ताट संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः मुलीला बसवून पोटभर वाढलं. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ती पहिल्यापासून अशीच आहे. लहानपणी आम्हीपण असेच बघत बसायचो. सोड ना."

लावणी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. नवरा आणि सासूबाई खाचरात, मी घरी. ओढ्यात कंदाची टोपली ठेवून एकच रात्र झाली होती. रात्रभर पाऊस कोसळला होता, ओढा फुगला होता. मी सकाळी बघायला गेले तर टोपली दगडाखालून सरकत होती. वाहून जाईल म्हणून मी ती घरी आणली. चकत्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. एक जिभेवर ठेवून पाहिली, कडू लागली नाही. मनात आलं, एवढं काय त्यात? आज माझ्या मुलीला आधी देते. खरं सांगते, त्यात मुलीच्या भुकेपेक्षा माझा राग जास्त होता. उकडलं, मीठ टाकलं आणि तिच्या हातात ताट दिलं.

ती चार-पाच घास खाऊन झाली असेल. तेवढ्यात सासूबाई रोपांच्या मुठी बांधायला सुतळी न्यायला घरी आल्या. त्यांनी ताट पाहिलं. ओढ्याच्या बाजूला पाहिलं. आणि एवढ्याशा त्या बाईने धावत येऊन ताट उडवलं, मुलीचं डोकं खाली दाबलं आणि तिच्या घशात बोटं घातली. मुलगी किंचाळत होती. मला वाटलं, बाईला वेड लागलं. मी त्यांना धरून जोरात ढकललं. त्या उंबऱ्यावर हातावर पडल्या. पडल्या तशाच ओरडल्या, "वकव तिला! वकव गो, माझ्याकडं नको बघू!"

त्यांचा चेहरा पाहून मी घाबरले आणि सांगितलं तसं केलं. मुलगी ओकली. थोड्या वेळाने म्हणाली, घसा जळतोय. मग म्हणाली, सगळं फिरतंय. उभी केली तर पाय लटपटत होते. नवरा धावत आला, शेजाऱ्याची मोटरसायकल घेतली, तिला मध्ये बसवून आम्ही कसाऱ्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, वेळेवर ओकली म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो. मुलगी झोपली. नवरा अर्धी राहिलेली लावणी बघायला गेला. सासूबाई पडवीत बसल्या होत्या. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. मी हळद उगाळून लेप केला आणि त्यांच्यापुढे बसले. माफी मागायची होती. मी नुसती लेप लावत राहिले.

त्याच बोलायला लागल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी एक पोर व्हती. ठावं हाय का तुला?"

मला एवढंच माहीत होतं की पहिलं मूल जगलं नाही.

"तीन वर्साची व्हती. त्या साली कायच नव्हतं गो घरात. मी दिवसभर खडी फोडायची, ती झाडाखाली बसलेली. ओढ्याला पन पानी नव्हतं, मंग कंद धुवायचा कुठं? घरात ठेवला पान्यात, दोनदा पानी बदललं. पोर रडत व्हती, भूक, भूक. मला दम निघाला नाय. उकडलं नि तिला दिलं. मी पन भुकेली व्हते. पन म्हनलं, आधी पोराला. मग आपन. मी सोता भरवलं, ह्या हातानं. ती खाऊन हसली. मग मी माझं वाढून घेतलं, तोवर तिला झटके यायला लागले."

मी लेपाची वाटी खाली ठेवली.

"आधी मी खाल्लं असतं तं मला झालं असतं. ती वाचली असती. म्हनून आधी मी खाते. जिभेला कळत नाय, प्वाटाला कळतं. एक दिस जाऊं द्यायचा." मग म्हणाल्या, "भुकेनं मरायला येळ लागतो गो. घाईनं मरायला नाय लागत."

आधी पोराला द्यायचं असतं. मी त्यांना हेच वाक्य ऐकवलं होतं. आई असून कळत नाही, असंही म्हटलं होतं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हाताने मला उठवलं आणि म्हणाल्या, "त्याला नको सांगू. त्याला वाटतं ना आई हावरी हाय, तं वाटूं दे. हावरी आई परवडली."

मी त्यांना खूप विचारायला हवं होतं. नाही विचारलं. वाटलं, जखम कशाला उकरा. वाटलं, वेळ आहे.

त्यांचं मनगट पुन्हा नीट झालं नाही. हाड बसवायला कसाऱ्याला चला म्हटलं तर आल्या नाहीत. पुढच्या वर्षीच्या लावणीत त्यांना रोपाची मूठही धरता येईना. बांधावर बसून त्या आम्हाला सांगायच्या, रोप दाट लावू नका, ओळ वाकडी होतेय. मी वर बघितलं की त्यांचा तो वाकडा हात दिसायचा. तो माझ्यामुळे वाकडा झाला होता. घरात याबद्दल कोणी काही बोललं नाही, त्या तर कधीच नाहीत.

त्या थंडीत त्या गेल्या. ताप आला, खोकला छातीत उतरला. शहापूरला दवाखान्यात चार दिवस होत्या. शेवटच्या दिवशी मुलीला बघायचं म्हणाल्या, पण तिला आत सोडलं नाही. तिने खिडकीखालून हात हलवला, तो त्यांना दिसला की नाही ते आम्हाला कळलं नाही.

पुढे नवऱ्याला पुन्हा काम मिळालं, आम्ही आसनगावला आलो. मी शब्द पाळला होता. पण एका रविवारी दुपारी दुसऱ्या गावी राहणारे दीर आणि जाऊ जेवायला आले होते. आईच्या आठवणी निघाल्या. दीर हसत म्हणाला, "आई काय चापून खायची रे! आमी तोंडाकडे बघत बसायचो." सगळे हसले. नवराही हसला. माझी मुलगी मात्र खाली मान घालून बसली, तिला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. ते गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. शब्द मोडला. योग्य केलं की अयोग्य, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने एकच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मला माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही गावी गेलो. सासूबाईंबरोबर खडी फोडायला जाणारी एकच म्हातारी आता उरली आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोलणं खणखणीत. नवऱ्याने तिच्याजवळ बसून विचारलं, "आजी, माझी मोठी बहीण होती म्हणतात. आठवते का?"

"आठवते तं! गोरी व्हती. दगडाच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवायची. आमी सगळ्या बाया तिला चिंचा द्यायचो."

"नाव काय होतं?"

म्हातारीने बराच विचार केला. ओठ हलवले, बोटांवर काही मोजलं. "आमी तिला बायच म्हनायचो रे. नाव असंल काय तरी. तुझ्या आयशीला ठावं."

त्या पोरीला कुठे पुरलं तेही म्हातारीने सांगितलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली. आम्ही तिथे गेलो. आंबा नव्हता. तिथे आता कोणाच्या तरी प्लॉटचं तारेचं कुंपण आहे, आत बंगल्यासाठी पाया खोदून ठेवला आहे. आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. कुठे बघायचं ते कळेना.

आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. उतारावर आल्यावर नवरा थांबला आणि म्हणाला, "शाळेत असताना मी पोरांपुढे आईची नक्कल करून दाखवायचो. ती कशी खाते, कसं चावते. एकदा ती मागे उभी होती. तिने पाहिलं सगळं."

"मग? काय म्हणाली?"

"काय नाय म्हणाली. हसली."