टीप लिहा : डम्पी लेव्हल

भूगोलाच्या प्रॅक्टिकलमुळे आमच्या मुलांना डेहराडूनच्या बाजूचे डोंगर तोंडपाठ असायचे. कुठला ओहोळ कुठे मिळतो, पायवाट कुठून चढते, देऊळ कुठल्या वळणावर आहे, सगळं सांगायची. पण बेळगावच्या वेशीवरचा नाला कुठल्या दिशेला वाहतो असं विचारलं की अख्खा वर्ग माना खाली घालायचा.

दोष मुलांचा नव्हता. कॉलेजात नकाशांची जी शीटं होती ती कुणीतरी फार पूर्वी मागवलेली, दूरच्या मुलखाची. मी सत्तरनंतर तीन-चार वर्षांनी तिथं शिकवायला लागले आणि हौसेनं आमच्या भागाचं शीट मागवलं. सर्वे खात्याचं उत्तर आलं की तुमचा भाग समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत येतो, तेव्हा हे शीट प्रतिबंधित आहे. बेळगावात समुद्र! मी ते उत्तर आमच्या विभागप्रमुखांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं. आहेत ती शीटं अजून चांगली आहेत."

त्यांच्याशी माझं पटणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं.

प्रयोगशाळेत काचेच्या दाराचं एक सागवानी कपाट होतं. त्यात लाकडी पेटीत डम्पी लेव्हल ठेवलेली. जमीन कुठे उंच, कुठे खोल ते मोजायची पितळी दुर्बीण. कालवा काढायचा, रस्ता करायचा, गटार बांधायचं, तर पहिल्यांदा ही लागते. मी एम.ए.ला असताना आमच्या एका खडूस प्राध्यापकांनी भर उन्हात माळावर उभं करून ती शिकवली होती, म्हणून मला येत होती. आमच्या कॉलेजात मात्र मुलांना ती काचेतून दाखवायची पद्धत होती. किल्ली विभागप्रमुखांच्या टेबलाच्या खणात.

ऐंशीच्या सुमाराला आमच्याकडं निपाणीची एक मुलगी होती. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळायची. बेळगावात सरकारी वसतिगृहात राहायची. घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. तिचा हात असा होता की तिनं काढलेली नकाशा-प्रक्षेपणं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या त्या जाळ्या, विभागप्रमुखांनी चौकट करून भिंतीवर लावल्या होत्या. पहिल्या वर्गात पास झाली. मी तिला म्हटलं होतं, "तुला नोकरीची काळजी नाही."

दिवाळीनंतर ती परत आली. वडील सोबत होते. पांढरं स्वच्छ धोतर, खिशाला बाबासाहेबांचा छोटा बिल्ला. स्टाफरूमच्या दाराशीच उभे राहिले, आत या म्हटलं तरी खुर्चीवर बसेनात. निपाणीत एका खाजगी इंजिनियरच्या कचेरीत माणसं हवी होती. चिकोडीकडं कालव्यांची कामं निघाली होती, मोजणीला हात कमी पडत होते. ती तिथं गेली होती.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"मॅडम, मी माझ्या चित्रांची गुंडाळी नेलती. त्यांनी बगितलं. म्हणाले, लई झ्याक. मग म्हणाले, लेव्हल लावाय येती काय?"

"मग?"

"मी म्हटलं, बगितलीया. ते म्हणाले, बगितली तर माझ्या म्हशीनंबी हाय, रोज दारातनं जाती."

मला संताप आला. इंजिनियरचा नव्हे. त्याचं काय चुकलं होतं? दारातून वडील म्हणाले, "बाई, एक इचारू? रागावू नगासा. पोरगी तीन वर्सं काय शिकली ते मला सांगा. वखारीत लोक इचारत्यात. मला सांगाय येत न्हाय."

मी सांगायला लागले. पृथ्वी गोल आहे, कागद सपाट आहे, गोल गोष्ट सपाट करताना कुठेतरी ताणावी लागते... ते मान हलवत ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "आणि हे कुणाला लागतंय?"

मला उत्तर सुचलं, पण त्या माणसाला द्यायच्या लायकीचं नव्हतं.

ती दोघं गेल्यावर मी तडक विभागप्रमुखांकडं गेले आणि किल्ली मागितली.

"कशाला?"

"लेव्हल मुलांना शिकवायचीय. बाहेर नेऊन."

"मॅडम, ती डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेली वस्तू आहे. फुटली तर कोण जबाबदार?"

"मी."

"वापरली तर फुटणार. म्हणून आपण वापरत नाही."

"सर, मग ती घेतली कशाला?"

"तपासणीला दाखवायला लागते," ते शांतपणे म्हणाले. त्यांना यात काहीही वावगं वाटत नव्हतं. शेवटी मी लेखी दिलं, की यंत्राला काही झालं तर माझ्या पगारातून कापून घ्यावं. तेव्हा कुठे किल्ली मिळाली.

रविवारी मी शेवटच्या वर्षाची पोरं आणि निपाणीच्या त्या मुलीला घेऊन कडोलीच्या वाटेला लागले. रस्त्याकडेला मोकळं रान बघून तिकाटणं उभं केलं, वर लेव्हल बसवली. खालचे स्क्रू फिरवून नळीतला बुडबुडा मधोमध आणायला शिकवलं. त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. समोर आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उभा राहिलेला पोरगा डोक्यावर उभा असल्यासारखा. पोरं हसून बेजार झाली. ती मुलगी हसली नाही. तिनं डोळा लावला आणि उलटे आकडे दोन-तीन वेळा चुकून मग सरळ वाचायला लागली.

आमचं जेमतेम जमायला लागलं होतं, तोवर बांधावरून माणसं आली. पुढं एक आप्पा, मागं पाच-सात जण, दोन बायका.

"काय चाललंय हितं?"

"कॉलेजची मुलं आहेत. प्रॅक्टिकल करतोय."

"परवा असंच एकानं सांगितलंतं. मागनं रस्ता आला आणि आमचं अर्दं रान गेलं." दुसऱ्यानं विचारलं, "तुमी महाराष्ट्राचं का कर्नाटकाचं?" तिसरा म्हणाला, "अरं, शीव मोजाय आल्यात. ह्या दगडापतूर तिकडं घालणार आसतील." बाई पुढं झाली, "आमास्नी कुणीकडं घालतायसा ते तरी सांगा की!"

मी अस्सल बेळगावी मराठीत जीव तोडून सांगत होते की आम्ही कुणाला कुणीकडं घालत नाही. "मग हे यंत्र कशापायी?" शिकवायला. "शिकून काय करणार?" नोकरी. "कसली?" मोजणीची. "बगा! म्हंजे मोजणीच की!" आणि त्यांनी आमची पट्टी काढून घेतली. भांडणतंटा काही नाही. आप्पांनी पोराच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली आणि चालू लागले. मी त्यांच्या मागं, पोरं माझ्या मागं. त्यांच्या घरी आम्हाला ताक मिळालं, गूळ मिळाला, पट्टी काही मिळाली नाही. "प्रिन्सिपॉलास्नी घेऊन या, मग देतो."

प्रिन्सिपॉल गेले, पट्टी आणली आणि आल्या आल्या मला बोलावून घेतलं. "सीमाभाग आहे मॅडम. इथं माणूस मातीत काठी रोवून उभा राहिला तरी आंदोलन होतं. यापुढं बाहेर काही करायचं नाही."

"मग आवारात करू?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "आवारात करा. पण फुलझाडं तुडवायची नाहीत."

तो सगळा हिवाळा आम्ही कॉलेजचं मैदान मोजलं. एवढंसं मैदान, पुनःपुन्हा मोजलेलं. पोरं कंटाळायची, परीक्षेला नाही म्हणून एकेक गळायला लागली. ती मुलगी मात्र सुटीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं निपाणीहून यायची. एके दिवशी तिनं तिचे आणि माझे आकडे ताडून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं चुकलंय." चुकलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला कँटीनमध्ये नेऊन शिरा खायला घातला.

फेब्रुवारीत ती पुन्हा त्या इंजिनियरकडं गेली. त्यानं अंगणात लेव्हल लावायला लावली, तिनं लावली, काम मिळालं. कचेरीचे कागद कानडीत. बोलायला तिला घरच्यासारखं येत होतं, लिहायला नाही. रात्रशाळेत जाऊन अक्षरं गिरवायला लागली. "पयलीच्या पोरांसंगं बसते मॅडम," असं हसत सांगायची. हेही आम्ही तीन वर्षांत कुठं सांगितलं होतं, की इथं पोट भरायचं तर दोन्ही लिप्या लागतात?

मला वाटलं, एकीचं झालं, आता सगळ्यांचं करू. मी अभ्यासक्रम बदलायचा प्रस्ताव केला. जागेवर मोजणी, गावचा नकाशा वाचणं, पाणलोट आखणं. विद्यापीठात अभ्यासमंडळाची बैठक होती. एक जण म्हणाले, हे इंजिनियरिंगचं काम आहे. इंजिनियरिंगवाले म्हणाले, आमच्यात घुसू नका. महसुलातून आलेले गृहस्थ म्हणाले, आमची माणसं आम्ही तयार करतो, तुम्ही त्रास घेऊ नका. मी विचारलं, "मग आम्ही माणसं कुणासाठी तयार करतो?" अध्यक्ष म्हणाले, "ज्ञानासाठी." सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा आला.

पण माझा मान राखायचा म्हणून एक बदल मात्र झाला. लेखी पेपरात पर्यायी प्रश्न आला : डम्पी लेव्हलवर सुबक आकृतीसह टीप लिहा.

पुढच्याच वर्षी बाजारातल्या गाइडात ती आकृती आली. पोरं घोकून काढायला लागली. नळी, स्क्रू, बुडबुडा, सगळं छान शेड करून. मी पेपर तपासत बसायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. मैदानावर आता कुणीच येईना. चार मार्कांची टीप पाठ होत असताना उन्हात कशाला उभं राहायचं? विभागप्रमुखांनी किल्ली परत घेतली. "आता अभ्यासक्रमात आली ना?" असं वर मलाच विचारलं.

पाच-सहा वर्षांनी ती मुलगी कॉलेजात आली. आता बाई म्हणायला हवी. डोक्याला रुमाल, मनगटाला पुरुषी घड्याळ, उन्हानं रापलेली. इंजिनियर थकला होता, बोरगाव-सदलग्याकडची कामं तीच बघायची. तिला दोन मदतनीस हवे होते. वडिलांची चौकशी केली तर म्हणाली, "मजेत हायेत. वखार सोडली. माझं काम बघाय येत्यात, झाडाखाली बसून मजुरास्नी समजावून सांगत्यात, पाणी कसं वर चढत न्हाय ते."

मी पहिल्या वर्गाचे मार्क घेणारी सहा पोरं उभी केली. तिनं आपली लेव्हल आणली होती. एकेकाला बोलावलं. अर्ध्या तासानं माझ्याकडं आली. तिच्या तोंडावर राग नव्हता, पण उत्साहही नव्हता.

"मॅडम, एकालाबी जमत न्हाय. एकानं मला आकृती काढून दिली."

मला बैठकीतला तो चहा आठवला आणि परत तोच संताप आला. "यातले दोघं उन्हाळ्यात घेऊन जा तुझ्याकडं," मी म्हटलं. "शिकव. पगार जमेल तो दे." मी कॉलेजला विचारलं, हे काम प्रॅक्टिकलच्या हजेरीत धरता येईल का. नाही म्हणाले. नियमात बसत नाही.

तरी मे महिन्यात दोघं गेले. त्यातला एक ऊन बघून तिसऱ्या दिवशी घरी पळाला, आता बँकेत आहे म्हणतात. दुसरा टिकला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानंच आणखी तिघांना नेलं. निवृत्त होईपर्यंत मी दर वर्षी दोन-चार पोरं अशी पाठवत राहिले. विद्यापीठाला न विचारता, विभागप्रमुखांना न सांगता, रजेच्या दिवसांत. आमच्या कॉलेजची जी काही मुलं मोजणीच्या कामाला लागली ती त्या वाटेनं लागली, आणि त्यांच्या गुणपत्रिकेवर त्याचा एक शब्दही नाही.