सावलीच्या बाजूने

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत सुजाताताई कधी रस्त्याच्या मधून चालल्या नाहीत. कोणत्या वेळी कुठल्या भिंतीची सावली कुठवर येते, हे त्यांना पाठ होतं. बाह्या मनगटापर्यंत, डोक्यावर ओढणी, हातात छत्री आणि दोन्ही गालांवर लाली. बँकेत लागल्यापासून हिचे नखरे वाढलेत, असं बायका म्हणायच्या.

मी एकदा सरळ विचारलं, तर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. मला कळेना, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या शरीराचा वॉचमन फिरलाय रे. चोर सोडून घरातल्यांनाच काठी मारतो. ऊन लागलं की जास्तच चेकाळतो. गालांवरची ही लालीपण त्याचीच." दिसता तर ठणठणीत, असं मी म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, "तीच तर गोची आहे ना."

विहारातल्या अभ्यासिकेत त्या रोज संध्याकाळी मुलांना गणित शिकवायच्या. गारठा पडला की त्यांची बोटं पांढरीफटक व्हायची, मग निळसर. मुलांना वाटायचं, खडू लागलाय. त्या बोटं बगलेत दाबून पुढचं गणित तोंडी सांगायच्या.

मी मंडळाचा सेक्रेटरी. जयंतीच्या सकाळच्या मिरवणुकीला ताई कधी यायच्या नाहीत, याचा मला राग होता. एका वर्षी भर मीटिंगमध्ये मी बोलून गेलो, "काही जणांना नोकरी लागली की आपल्या माणसांबरोबर चालायची लाज वाटते." सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. कारण ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो.

त्या वर्षी त्या आल्या. पांढरी साडी नेसून, एप्रिलच्या उन्हात, सगळ्यांच्या पुढे. फोटोत छत्री येते म्हणून ती मीच त्यांना मिटायला लावली.

आठवड्याभरात ताप आला, सांधे धरले, मग मूत्रपिंडांनी दगा दिला. उन्हाने हा आजार उसळतो, पण फक्त उन्हानेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यातला दुसरा भाग मी घट्ट धरून बसलो. तरी वॉर्डात गेल्यावर राहवलं नाही. ताईंच्या खाटेशी वाकून हळूच माफी मागितली.

"इथे कानात नको, मिलिंद," त्या म्हणाल्या. "बोललास तेव्हा चाळीस माणसं होती. त्यांच्यासमोर बोल."

तुम्ही घरी या, मग बोलतो, असं मी कबूल केलं. त्या घरी आल्याच नाहीत.

शोकसभेला विहार भरला होता. ती चाळीस माणसंही असतील. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "एवढ्या आजारातही ताई समाजासाठी उन्हात चालल्या." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खाली उतरलो तेव्हा ताईंच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तूच ओळखलंस रे माझ्या पोरीला."

मी हात सोडवून घेतले नाहीत.