काजळीच्या करंज्या

सून शेजारच्या सुतकातल्या घरी फराळ द्यायला निघाली की माझा हात आधी डब्यातल्या करंज्या बाहेर काढतो. माझ्या लहानपणी वडील कळव्याच्या खाडीतून मिठाची होडी मुंबईला न्यायचे. धुक्यात मोठ्या बोटींच्या रडारला ती दिसावी म्हणून डोलकाठीवर बांधायला सरकारकडून पत्र्याची चांदणी मिळालेली. दिवाळीत होडीच्या मालकाने ती काढून, आत पणती ठेवून, आपल्या दारात आकाशकंदील म्हणून टांगली. "अरे, समुद्रात कोण बघतंय?" असं वडिलांना म्हणाला. दुसऱ्याच पहाटे धुक्यात बोटीने होडी उडवली, वडील गेले. चौकशीचे साहेब यायच्या आत मालकाने चांदणी दारातून काढून किनाऱ्याला लागलेल्या मोडक्या डोलकाठीला परत बांधली. "आम्ही लावलेली, साहेब," तो डोळे पुसत म्हणाला. त्याच्या बोटांना पणतीची काजळी होती. त्याच बोटांनी त्याने आईच्या हातात करंज्या ठेवल्या, आणि आईने त्या आम्हाला वाढल्या.